तेल शुद्ध होतं म्हणजे काय होतं?



किराणा दुकानात शेंगदाण्याचं तेल आज दोन रूपांत मिळतं. एक पिशवीतलं किंवा डब्यातलं. ते फिकट पिवळं, निवळ आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. त्यावर 'रिफाइंड' असं छापलेलं असतं. दुसरं बाटलीतलं. ते गडद सोनेरी असतं आणि झाकण उघडलं की दाण्याचा वास येतो. त्यावर 'लाकडी घाण्याचं' असं लिहिलेलं असतं आणि किंमत पहिल्यापेक्षा बरीच चढी असते. मौज अशी की दोघांचेही विक्रेते आपापल्या मालाला 'शुद्ध' म्हणतात. एकातून बरंच काही काढून टाकलं आहे म्हणून ते शुद्ध. दुसऱ्यातून काहीच काढलेलं नाही म्हणून ते शुद्ध!

मी कविता लिहिणारा माणूस. एकच शब्द दोन उलट अर्थांनी वापरला जाताना दिसला की मला चैन पडत नाही. म्हणून तेलगिरणीत जाऊन बसलो, जाणत्यांना विचारलं, थोडं वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो. विषय यंत्रांचा आहे, पण तो आपल्या रोजच्या फोडणीचाही आहे.

आधी नावाचं बघू. पुण्याकडे ज्याला शेंगदाणा तेल किंवा गोडेतेल म्हणतात, त्याला आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, फल्लीतेल म्हणतात. शेंग ती फल्ली, आणि तेल काढून उरते ती ढेप. हे पीक मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. ते आपल्याकडे आलं, मातीत शिरलं आणि इतकं आपलं झालं की त्याला 'भुईचा मूग' असं अस्सल मराठी नाव मिळालं. तेल गाळण्याचा धंदा मात्र आपल्याकडे फल्लीच्या कितीतरी आधीपासून आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, म्हणजे सुमारे सतराशे वर्षांपूर्वीचा, एक शिलालेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी काही रक्कम कारागिरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवल्याचं त्यात सांगितलं आहे. त्या श्रेणींत 'तिलपिषक', म्हणजे तीळ गाळणारे तेली, आहेत. लोक त्यांच्याकडे पैसे विश्वासानं ठेवत. आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे, जपणारे संताजी जगनाडे महाराज हेही तेलीच, असं परंपरा सांगते. मराठी कवितेवर घाण्याचं हे एवढं ऋण आहे.

आता घाण्यात काय होतं ते पाहू. लाकडाची किंवा दगडाची उखळ, तीत फिरणारी लाट, पूर्वी बैल आणि आता मोटार. दाणा उखळीत टाकायचा, त्यावर थोडं कोमट पाणी शिंपडायचं, आणि लाटेच्या दाबानं तो चिरडत न्यायचा. पाण्यानं दाण्याचा चोथा बांधला जातो आणि तेल सुटं होतं. मग तेल भांड्यात स्थिर ठेवायचं. दोन-चार दिवसांत गाळ तळाशी बसतो. वरचं तेल फडक्यातून गाळून घ्यायचं. संपलं. यात रसायन नाही की मोठी उष्णता नाही. दाण्यात जे होतं त्यातलं जवळजवळ सगळं तेलात येतं. चव येते, वास येतो, 'ई' जीवनसत्त्व येतं. दाणा खवट असेल तर खवटपणाही येतो. घाण्याला निवड करता येत नाही, हे लक्षात ठेवू. त्याकडे पुन्हा यायचं आहे.

आमच्या कळंबहून देवळीमार्गे वर्ध्याला जाता येतं. या घाण्याच्या इतिहासातलं एक मोठं पान त्या वर्ध्यात लिहिलं गेलं. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकारानं तिथं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेला मगनवाडी हे नाव पडलं. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस होते. संघाच्या कामात तेलघाणी हा एक मुख्य विषय होता आणि झवेरभाई पटेल यांनी त्यात स्वतःला गाडून घेतलं. जुन्या घाण्यातून ढेपेत फार तेल राहून जातं, बैलाचे कष्ट वाया जातात, या अडचणी त्यांनी एकेक करून सोडवल्या. त्यातून तयार झालेला घाणा 'मगनवाडी घाणी' किंवा 'वर्धा घाणी' म्हणून देशभर गेला. १९३८ साली तिथं मगन संग्रहालय सुरू झालं. ते आजही आहे. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावं.

याच सुमाराला वारं दुसऱ्या दिशेनंही वाहत होतं. १९३७ साली 'डालडा' बाजारात आला. आणि १९४५ च्या डिसेंबरात खानदेशात, अमळनेरला, मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली. खानदेश शेंगदाण्याचा मुलूख, म्हणून कारखाना तिथं. ती कंपनी शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप बनवी आणि त्या धंद्यातल्या उरल्यासुरल्या मालातून '७८७' नावाचा कपड्याचा साबण काढी. पुढे १९६६ साली वडील वारल्यावर अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून परत आले. त्याच कंपनीची आजची 'विप्रो' झाली. संगणकाच्या जगातलं एवढं मोठं नाव अमळनेरच्या फल्लीतून उगवलं, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असतं.

वर्धा आणि अमळनेर. दहा-अकरा वर्षांच्या अंतरानं, एकाच मराठी मुलखात, एकाच शेंगेबद्दल दोन निरनिराळे विचार उभे राहिले. एक म्हणाला, गाळणं गावातच राहू द्या. दुसरा म्हणाला, माल मोठ्या कारखान्यात आणा, म्हणजे लांबच्या गिऱ्हाइकाला एकसारखं आणि टिकाऊ मिळेल. आज दुकानातल्या फळीवर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या त्या दोन बाटल्या म्हणजे तोच वाद आहे.

आता कारखान्यात शिरू. शेंगा आल्या की आधी चाळणीवर माती, खडे, काड्या निघतात, आणि चुंबकावरून नेताना खिळे-तारा अडकतात. मग फोडणी यंत्रात टरफल वेगळं होतं. दाणे वाफेच्या भांड्यात थोडे शिजवून घेतात, म्हणजे तेल सहज सुटतं. तिथून ते एक्स्पेलरमध्ये जातात. एक्स्पेलर म्हणजे लोखंडी पिंजऱ्यात फिरणारा जाड स्क्रू. अमेरिकेत व्हॅलेरियस अँडरसन यांनी १९०० साली त्याचं पेटंट घेतलं. मांस कुटण्याच्या यंत्रासारखाच तो माल पुढे ढकलतो, पण पुढची वाट अरुंद होत जाते. दाबानं तेल पिंजऱ्याच्या फटींतून खाली गळतं आणि ढेप तोंडातून चकत्यांच्या रूपात बाहेर पडते. हे तेल फिल्टर प्रेसमधून जातं. ओळीनं उभ्या केलेल्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये जाड कापड. कापडावर गाळ अडतो आणि नळीतून स्वच्छ तेल येतं.

इथं जरा थांबू, कारण घोटाळा इथंच होतो. हे जे तेल मिळालं ते 'फिल्टर्ड', म्हणजे गाळलेलं. ते अजून 'रिफाइंड' झालेलं नाही. गाळण्यानं फक्त डोळ्यांना दिसणारा कचरा जातो. रिफायनिंगमध्ये तेलात विरघळलेल्या गोष्टी काढतात. डब्यावर यांपैकी कोणता शब्द आहे ते वाचण्याची सवय प्रत्येक घरानं लावून घ्यावी.

रिफायनिंगच्या मुख्य पायऱ्या चार. पहिली, डिंक काढणं. कच्च्या तेलात फॉस्फरसयुक्त चिकट पदार्थ असतात. तेल सत्तरेक अंशांपर्यंत तापवून त्यात थोडं गरम पाणी, कधी चिमूटभर फॉस्फोरिक आम्लही, घालून ढवळतात. चिकट भाग पाणी पिऊन फुगतो, जड होतो आणि खाली बसतो.

दुसरी पायरी, आम्ल मारणं. दाणा जुना झाला, भिजला, फुटला की त्यातलं तेल तुटू लागतं आणि मोकळी मेदाम्लं तयार होतात. खवटपणाची वाट तिथूनच सुरू होते. ती किती आहेत हे प्रयोगशाळेत थेंबाथेंबानं मोजतात. तेलाच्या नमुन्यात स्पिरिट आणि फिनॉल्फथॅलिन घालायचं, वरून अल्कलीचे थेंब सोडत जायचं आणि गुलाबी छटा टिकली की आकडा वाचायचा. मग त्या हिशेबानं कॉस्टिक सोडा द्यायचा. एक टन तेलात दोन टक्के मोकळी आम्लं असतील तर ती वीस किलो झाली. त्यांना मारायला साधारण पावणेतीन किलो कॉस्टिक लागतं, वर थोडं जास्तीचं. हे काम न्यूट्रलायझर नावाच्या भांड्यात होतं. भांडं उभट, बूड निमुळतं, आत ढवळणी आणि वाफेच्या नळ्या. आम्ल आणि सोडा मिळून साबण होतो आणि तो निमुळत्या बुडातून काढून घेतात. साबणवाले तो नेतात. अमळनेरच्या साबणाचं मूळ अशाच उरलेल्या मालात. पण साबण जाताना एकटा जात नाही, आपल्याबरोबर थोडं चांगलं तेलही ओढून नेतो. म्हणजे माल जितका खराब, तितकी तूट जास्त. यानंतर तेल गरम पाण्यानं धुतात आणि निर्वात भांड्यात सुकवतात.

तिसरी पायरी, रंग उतरवणं. धुतलेलं तेल शंभरेक अंशांवर, हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात, एक-दोन टक्के मातीबरोबर अर्धा तास ढवळतात. ही माती आपल्या मुलतानी मातीच्याच गोत्रातली, आम्लानं संस्कार करून अधिक शोषक केलेली. ती रंगद्रव्यं, उरलासुरला साबण आणि धातूंचे अंश धरून ठेवते. पुन्हा गाळणी. वापरून झालेली माती तेल पिऊन बसलेली असते. तिचा ढीग उघड्यावर टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. गिरणीतले जुने कामगार त्या ढिगापासून दूर बसायला सांगतात ते उगीच नाही.

चौथी पायरी, वास काढणं. ही सगळ्यात खर्चिक. तेल दोनशे अंशांच्या वर तापवतात आणि खालून त्यात वाफ सोडतात. ही वाफ तेलातून वर जाताना वासाचे सगळे अंश घेऊन जाते. मात्र इतक्या उष्णतेत हवा लागली तर तेल बिघडेल. म्हणून भांड्यातली हवा जवळजवळ पूर्ण काढून घेतात. आपल्याभोवती हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असतो, तर त्या भांड्यात तो जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर ठेवतात. हे निर्वात राखायला वाफेचे फवारे आणि दहा मीटरपेक्षा उंच नळाचं थंडक यंत्र लागतं. कुठल्याही तेलशुद्धी कारखान्याचा तो उंच लोखंडी सांगाडा दिसतो, त्याचं एक कारण हा नळ. वाफेबरोबर जे निघून जातं त्यात 'ई' जीवनसत्त्वाचाही काही भाग असतो. औषधांचे कारखाने तो पुढे विकत घेतात. शेवटी तेल निर्वातातच थंड करतात, एकदा बारीक गाळतात आणि भरतात. सूर्यफुलाच्या तेलातलं मेण थंड करून काढावं लागतं. फल्लीतेलाला ती पायरी सहसा लागत नाही. म्हणून हिवाळ्यात पहाटे आपलं तेल गढुळतं, थिजल्यासारखं होतं. तो त्याचा स्वभाव आहे, त्यात भेसळीची शंका घेऊ नये.

आता खरा प्रश्न. एवढा खटाटोप फल्लीतेलाला हवा आहे का?

उत्तरासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या पिकाकडे बघू. यवतमाळ कापसाचा जिल्हा. सरकीचं कच्चं तेल काळपट असतं. त्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. ते शुद्ध केल्याशिवाय खाताच येत नाही. तेलाचा वास काढायची आधुनिक रीत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेव्हिड वेसन यांनी बसवली, ती या सरकीच्या तेलासाठीच. सोयाबीनचं तेलही बहुतेक हेक्झेन या द्रावकानं काढतात. ते द्रावक उडवून देऊन तेल शुद्ध करावंच लागतं. म्हणजे रिफायनिंग ही मुळात अशा तेलांची गरज होती. चांगल्या दाण्याचं फल्लीतेल घाण्याखालून थेट ताटात जाऊ शकतं, तसं ते कित्येक पिढ्या गेलंच. त्याला रिफायनिंगची गरज दोन प्रसंगी पडते. एक, गिऱ्हाईक लांबचं असेल आणि माल महिनोन्‌महिने टिकायला हवा असेल. दोन, दाणा चांगला नसेल. रिफाइंड तेल जास्त उष्णता सोसतं, उशिरा धुरकटतं, हा त्याचा खरा गुण आहे आणि तळणीच्या धंद्याला तो उपयोगी आहे. पण ते निवळ दिसतं म्हणून त्याचा दाणा चांगला होता, असं म्हणता येत नाही. दाण्याची सगळी साक्ष पुसली गेलेली असते.

मग घाण्याचं घ्यावं आणि निर्धास्त व्हावं? तेही नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या अचानक मेल्या. शोध घेता घेता बोट ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर आलं. ओल्या शेंगेवर वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीनं तिच्यात विष तयार केलं होतं. त्याचं नाव अफ्लाटॉक्सिन. ते यकृतावर घाव घालतं आणि दीर्घकाळ पोटात जात राहिलं तर कर्करोगाला कारण होतं. १९७४ साली गुजरात-राजस्थान सीमेवरच्या आदिवासी भागात बुरशी धरलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. विष तेच. हे विष बरंचसं ढेपेत राहतं, पण कच्च्या तेलात त्याचा काही अंश उतरतो, विशेषतः तेल नीट निवळलेलं नसेल तर. तळणीच्या उष्णतेनं ते पुरतं नष्ट होत नाही. कॉस्टिक आणि माती या रिफायनिंगच्या दोन पायऱ्या मात्र ते जवळपास काढून टाकतात. म्हणजे बुरशीच्या दाण्याचं घाण्याचं तेल हे रिफाइंडपेक्षा निःसंशय वाईट. आणि ढेपेचं काय? ती जनावरापुढे जाते. गाईनं विषारी ढेप खाल्ली तर त्या विषाचं एक रूप दुधात उतरतं. ते दूध घरातलं मूल पितं. तेल शुद्ध करता येतं, ढेप कुणी शुद्ध करत नाही.

म्हणून सगळ्या यंत्रांचा विचार केल्यावर मी एका जागी येऊन थांबतो. ती जागा म्हणजे शेतकऱ्याचं खळं. तेल चांगलं की वाईट हे गिरणीच्या दारात ठरत नाही, त्याच्या आधी ठरतं. आपल्या जिल्ह्यात पुसद-उमरखेडकडे ओलिताचा उन्हाळी भुईमूग घेतात. तो निघतो मे-जूनमध्ये, नेमका मृगाचा पाऊस तोंडावर आलेला असताना. शेंग काढून उन्हात घातली आणि वळीव आला, की बुरशीला आमंत्रणच. शेंगेतली ओल आठ-नऊ टक्क्यांच्या खाली यायला हवी. शेतकऱ्याजवळ मोजायचं यंत्र नसतं, पण शेंग कानाशी हलवली आणि दाणा आत खुळखुळला की ती वाळली, ही जुनी खूण कामाची आहे. त्यासाठी ऊन हवं, ताडपत्री हवी, छप्पर हवं, आणि चार दिवस थांबण्याची ऐपत हवी. ओली शेंग वजनाला जास्त भरते. वाळवलेली हलकी होते. बाजारात दोघींना जवळपास सारखाच भाव मिळणार असेल, तर वाळवणारा शहाणा की वेडा? या प्रश्नाचं उत्तर शेतकऱ्याकडून मागायचा आपल्याला काय अधिकार?

वाणांवर आपल्याकडे उत्तम काम झालं आहे. 'टॅग-२४' हा वाण भाभा अणुसंशोधन केंद्रानं दिला. त्याच्या नावात ट्रॉम्बे आणि अकोला, दोन्ही आहेत. तेलाच्या तंत्राचं शिक्षण नागपूरच्या लक्ष्मीनारायण संस्थेत १९४२ पासूनच्या परंपरेत मिळतं. ज्ञान इथं आहे. मधल्या काळात सोयाबीननं शेत व्यापलं, १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली, स्वस्त तेलापुढे फल्ली मागे पडली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो.

आता घराच्या कामाच्या चार गोष्टी. पहिली, हिशेब. शंभर किलो शेंगांतून सत्तरेक किलो दाणा निघतो. दाण्यात तेल पंचेचाळीस ते पन्नास टक्के. घाण्यानं त्यातून अठ्ठावीसेक किलो तेल मिळतं, एक्स्पेलरनं तीसेक. म्हणजे एक किलो घाण्याच्या तेलाला साधारण अडीच किलो दाणा लागतो, आणि दीड किलोच्या आसपास ढेप परत मिळते. आपल्या गावात चांगल्या दाण्याचा भाव विचारा, त्याची अडीचपट करा, ढेपेचे पैसे वजा करा, गाळणावळ मिळवा. या आकड्याच्या खूप खाली कुणी 'घाण्याचं अस्सल तेल' देत असेल, तर त्यात फल्लीशिवाय आणखी काहीतरी आहे. आणि एक लिटर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास असतं. लिटर आणि किलो एकच समजून भाव ताडू नका.

दुसरी, भेसळ. नुसता रंग बघून ती कळत नाही. प्रयोगशाळेत फल्लीतेलाची एक ओळख आहे, बेलियर चाचणी. तेलापासून मिळालेली मेदाम्लं स्पिरिटात विरघळवून थंड करत नेली, की ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान ती गढूळ होतात. सरकी, सोयाबीन, सूर्यफूल यांचा आकडा बराच खाली असतो. सरकीसाठी हाल्फेन चाचणी आहे, तिच्यात तेल लाल होतं. वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती आपल्याकडे झाली, ती याच युक्तीनं. साजूक तुपात वनस्पती मिसळलं तर तिळाच्या तेलाची रंगचाचणी चोरी उघडी पाडते. भेसळीपुढे आपण अगदी निःशस्त्र नाही.

तिसरी, घाणेवाल्याला प्रश्न विचारा. दाणा कुठला, कधीचा, निवडून घेतो का, दाखवता का? प्रामाणिक माणूस पोतं उघडून दाखवतो. सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशीचे दाणे दिसले तर परत फिरा. तेल थोडं घ्या, स्टीलच्या डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवा, दोन-तीन महिन्यांत संपवा.

चौथी, तळण. कुठलंही तेल पुन्हा पुन्हा तापवलं की बिघडतं. तळणाच्या तेलातले बिघडलेले घटक पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेले तर ते वापरू नये, असा नियम २०१८ पासून लागू आहे. महागाचं घाण्याचं तेल आणून त्यात चार दिवस भजी तळणं, यात ना आरोग्य ना बचत.

शेवटी त्या 'शुद्ध' शब्दाकडे वळतो. माझ्या घरात उर्दू, अंगणात वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकी मराठी होती. भाषेच्या बाबतीतही शुद्ध म्हणजे काय, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला. पुस्तकी मराठी सगळीकडे पोचते, बातमीला आणि कायद्याला ती लागतेच. पण बोलणारा कुठल्या शेतातून आला, हे ती सांगत नाही. रिफाइंड तेलाचंही तसंच. त्याच्याशी माझं भांडण नाही. लांबच्या, गरीब, शहरी घराला परवडणारं आणि निर्धोक तेल त्यानंच दिलं. माझं म्हणणं एवढंच की 'शुद्ध' हे विशेषण आपण चुकीच्या जागी लावतो. ते डब्याला लावण्याआधी दाण्याला लावायला हवं.

आणि ते लावायचं तर त्याची किंमत मोजायला हवी. जो शेतकरी पावसाच्या धाकात चार रात्री जागून शेंग वाळवतो, त्याच्या पोत्याला ओल्या पोत्यापेक्षा चढा भाव मिळाला पाहिजे. बाजार समितीच्या आवारात आवक होतानाच ओल मोजली गेली आणि भाव त्याप्रमाणे ठरला, तर घाणाही सुखी होईल, कारखान्याची तूटही कमी होईल, आणि गाईच्या पुढ्यातली ढेपही निर्धोक होईल. हे यंत्र तळहाताएवढं असतं. तेलाच्या सगळ्या यंत्रांत तेच सगळ्यात स्वस्त आहे.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)